अधिकाचं वर्ष

फोन थरथरला तेव्हा अंकिता एका डब्याचे दिवस मोजत होती. न्हावा शेव्याहून ट्रेलरवर बसून आलेला डबा, म्हणजे कंटेनर, यार्डात उतरला की त्याची फुकट ठेवायची मुदत सुरू होते, आणि ती कधी संपते ते सांगणं हे तिचं काम. उतरल्याचा दिवस धरायचा नाही, रविवार मात्र धरायचा. एवढ्या दोन गोष्टी नव्या लोकांना महिना महिना पाठ होत नाहीत. ते बोटं मोडत बसतात, मग चुकतात, मग पार्टीशी भांडतात. तिला बोटं लागत नाहीत. उतरल्याची तारीख वाचली की संपायची तारीख तिला समोर दिसतेच, लेकराच्या कपाळाला हात लावल्यावर ताप आहे की नाही ते कळतं तशी. म्हणून शेजारच्या टेबलावरचा प्रणित तिला चित्रगुप्त म्हणतो. फोनवर हात ठेवून तो तिच्याकडे वळला होता. "चित्रगुप्त मॅडम, हा पुण्याचा माणूस डोकं खातोय. म्हणतो, अजून दोन दिवस आहेत त्याच्या डब्याला." "नाहीत. काल संपले." "बघा ना परत, बिचारा देवाची शपथ घालतोय." "बघितलं प्रणित. काल संपले." प्रणितने हसत फोनमध्ये सांगितलं, "साहेब, देव सुटीवर आहे, वरचं खातं आमच्या मॅडमकडे आहे," आणि तेवढ्यात टेबलावरचा तिचा फोन थरथरला, स्टेपलरला जाऊन टेकला, आणि थांबला.

इंग्रजीतल्या दोन ओळी. तक्रारीचा क्रमांक, जो तिला लेकीच्या, मनस्वीच्या, जन्मतारखेसारखा पाठ होता, आणि त्यापुढे एक शब्द: बंद. तिला आधी वाटलं, बंद म्हणजे पाकीट बंद करून पुढे पाठवलं असेल. मग तिने मानवी हक्क आयोगाच्या साइटवर जाऊन तो क्रमांक घातला, अक्षरं वाकडीतिकडी असलेला तो चौकोन दोनदा चुकीचा भरला, तिसऱ्यांदा पान उघडलं. घटना घडल्यापासून एक वर्ष उलटून गेल्यानंतर केलेल्या तक्रारीची दखल आयोगाला कायद्याने घेता येत नाही, सबब प्रकरण बंद करण्यात येत आहे. भाषा सभ्य होती. त्यात तिच्या नवऱ्याचं, दीपेशचं, नावही होतं, स्पेलिंग बरोबर. पोलीस ठाण्याचं नाव नव्हतं, सहा तारीख नव्हती, आठ तारीख नव्हती, तळवे नव्हते. तिने पान वर सरकवलं, खाली सरकवलं, पुढचं काही उरलं असेल म्हणून. बाहेर यार्डात क्रेनने एक डबा उचलून दुसऱ्यावर ठेवला. तो ठेवताना जमीन हलते आणि पाण्याच्या बाटलीतलं पाणी थरथरतं. इतकी वर्षं हे बघून तिला त्याचं काही वाटत नसे. आज मात्र तिने बाटली घट्ट धरली.

बाईसाहेब, असं तिने अर्जात लिहिलं होतं. म्हणजे पहिल्या खर्ड्यात. नंतर हेतल मॅडमनी ते खोडून 'माननीय अध्यक्ष' केलं. हेतल खारघरची वकील, आठवड्यातून एक दिवस कुठल्याशा संस्थेत बसून लोकांचे अर्ज फुकट बघून देणारी, बोलता बोलता गुजरातीत घसरणारी. पण अंकिताच्या मनात तो आयोग एक बाईच होता. दिल्लीत, थंडीत, एका मोठ्या टेबलामागे बसलेली, अंगावर शाल, समोर कागदांचा ढीग. ती एकेक कागद उचलते, चष्मा नाकावर सरकवते आणि पूर्ण वाचते. मधे कुणाशी बोलत नाही, फोन घेत नाही. हेतलने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "हे बघ, आयोग कुणाला जेलमध्ये टाकत नाही. कोर्ट नाही ते. आयोग विचारतो. पोलिसांना, सरकारला. रिपोर्ट मागवतो, आणि त्यांना उत्तर द्यावं लागतं. मग शिफारस करतो. बस, एवढंच." तिने अपराध्यासारखं म्हटलं होतं ते, एवढंच. अंकिताला ते एवढंच खूप मोठं वाटलं होतं. कुणीतरी विचारणार. तिने ठाण्यात विचारलं तेव्हा टेबलावरच्या माणसाने रजिस्टर उलटून दाखवलं, बघा, तुमच्या मिस्टरांचं नाव आहे का कुठे? नव्हतं. रविवारी सहा तारखेला गोदामातून तांब्याची तार गेली म्हणून तिथे हायड्रा क्रेन चालवणाऱ्या दीपेशला 'पाच मिनिटं चौकशीला' नेलं होतं, आणि मंगळवारी आठ तारखेला संध्याकाळी ठाण्याच्या मागच्या गल्लीत रिक्षात बसवून दिलं होतं, आणि या दोन्हींच्या मध्ये तो कुठेच नव्हता. तिला शिक्षा नको होती कुणाला, म्हणजे हवी होती, पण ती फार पुढची गोष्ट. आधी कुणीतरी सही-शिक्क्याने विचारावं, हा माणूस दोन रात्री कुठे होता. आणि ज्याने रजिस्टर दाखवलं त्याने ते वाचावं, घाम पुसावा, आणि काहीतरी लिहावं. खोटं का होईना, पण त्याच्या हाताने लिहावं.

हेतलला फोन तिनेच केला की तिकडून आला ते नंतर आठवेना. ती जिन्यात उभी होती. "पाहिलंस ना?" हेतल म्हणाली. "हो मॅडम." "पण असं कसं? तू पोस्ट कधी केलं होतंस?" "तीस नोव्हेंबर." "तीस? अंकिता, डेथ दहाची आहे ना? बावीसची?" "हो. पण वर्ष एकोणतीसला झालं." तिकडे कुणीतरी भांडी घासत होतं, नळ चालू होता, तो बंद झाला. "एकोणतीसला कसं झालं?" "तिथीनं मॅडम. कार्तिक वद्य द्वितीया. मध्ये अधिक श्रावण आला ना, म्हणून लांबली. वर्षश्राद्ध झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी मी टाकलं." ती हे सगळं अगदी नीट, हिशेब बरोबर आहे अशा आवाजात सांगत होती, आणि सांगता सांगताच तिला तो हिशेब स्वतःला ऐकू आला. हेतल म्हणाली, "अरे यार. दिल्लीत अधिक नसतो गं." आणि मग लगेच, "माझी चूक आहे. मी फोन करायला पाहिजे होता. दिवाळीत मी भावनगरला होते, डोक्यातून गेलं. तुला म्हटलं होतं ना मी, वर्षाच्या आत?" "म्हटलं होतं तुम्ही." "हायकोर्ट आहे अजून. पण तिथे पुरावे, मेडिकल, वकील... बघू. रडू नकोस." अंकिता रडत नव्हती. ती जिन्याच्या कठड्यावरची धूळ बोटाने पुसत होती आणि बोटाकडे बघत होती.

तिने अर्धा दिवस टाकला. प्रणितने विचारलं, "काय झालं, पोरगी बरी आहे ना?" ती हो म्हणाली. पनवेलच्या उरण नाक्यापर्यंत येणाऱ्या रिक्षात आधीच तिघी होत्या, मासळीच्या रिकाम्या टोपल्या पायाशी घेऊन. एक म्हणाली, "बस गो बाय, वास येल पन पोचशील." दुसरी म्हणाली, "तिच्या आंगाला आपिसचा सेंट हाय, आपलाच वास जाईल," आणि तिघी खदखदून हसल्या. अंकिताही हसली. तोंड आपोआप हसतं. यार्डात दिवस मोजताना ती उतरल्याचा दिवस सोडते, म्हणजे अकरा नोव्हेंबरपासून धरायचं, तर तीसपर्यंत वीस. वीस दिवस उशीर. इतकं सोपं होतं. दुसऱ्या कुणाचा माणूस असता, दुसऱ्या कुणी टेबलाशी येऊन दहा अकरा बावीस एवढं म्हटलं असतं, तर तिने मान वर न करता सांगितलं असतं, दहा अकरा तेवीस. पण दीपेशच्या दिवसांना तिने डब्याचे दिवस लावलेच नव्हते. ते दिवस घरचे होते. पहिला दहावा, मग तेरावा, मग मासिकं, दर महिन्याला वद्य द्वितीया, भिंतीवरच्या कॅलेंडरवर सासूने कुंकवाच्या बोटाने ठिपका दिलेला. एकाच चौकोनात मोठा आकडा असतो आणि खाली बारीक अक्षरात तिथी. वर्षभर तिने फक्त खालची ओळ वाचली. हेतल म्हणाली वर्षाच्या आत, सासू म्हणाली वर्ष फिरू दे, आणि तिला वाटलं दोघी एकाच वर्षाबद्दल बोलताहेत, कारण तिच्या घरात दुसरं वर्ष नव्हतंच.

सासू म्हणजे ठमाबाई. आगरी लग्नात हळदीपासून मांडवापर्यंत प्रत्येक विधीला धवले गाणारी धवलारीण. पनवेलपासून उरणपर्यंतच्या गावांत तिच्या गळ्याशिवाय कितीतरी मांडव उभेच राहिले नसते. दीपेश गेल्यावर तिने तोंड मिटलं. लग्नघरची माणसं सुपारी घेऊन यायची आणि ओटीवरूनच परत जायची. अर्ज अंकिताने श्रावणात लिहिला होता, अधिकात, मनस्वी दुपारची झोपली की एका हाताने तिला थोपटत दुसऱ्या हाताने मोबाइलवर, ओळ ओळ करत. छापून आणला आणि सासूला दाखवला. दाखवला म्हणजे वाचून दाखवला. ठमाबाईने सगळा ऐकला. तळव्यांची ओळ आली तेव्हा तिने पदर तोंडात धरला. मग म्हणाली, "ग्वाड लिवलंस. पन आत्ता नाय धाडायचा." का विचारल्यावर म्हणाली, "वरीस फिरल्याबिगर त्याच्या नावाचा कागूद उंबऱ्याभायेर काडायचा नाय. तो वाटंत हाय आजून. नाव घेऊन भांडाया लागलो का त्याला मागं वलून बगावं लागतं. जाऊं दे त्याला सुखानं. मंग भांड तू, मी पन येतंय दिल्लीला, लुगडं नेसून." हे शेवटचं ती थट्टेत म्हणाली, त्या वर्षातली तिची एकुलती एक थट्टा. अंकिता बी.कॉम. झालेली, उरणला शाळेत विज्ञानात पहिली आलेली. तिला म्हणता आलं असतं, आई, असं काही नसतं. पण त्या म्हातारीने दीपेश गेल्यापासून गोड खाल्लं नव्हतं, गादीवर पाठ टेकली नव्हती. आणि खरं सांगायचं तर अंकितालाही त्याने मागे वळून बघायला नको होतं. शेवटच्या दोन दिवसांत त्याला मान वळवताच येत नव्हती.

रिक्षा सिग्नलला थांबली. तो हवालदार उभा होता, नेहमीचा, पोट सुटलेला, शिट्टी ओठांत. मागच्या महिन्यात मनस्वीचा एक बूट रस्त्यात पडला तेव्हा त्यानेच गाड्या थांबवून तो उचलला, झटकला आणि गुडघे टेकून तिच्या पायात घातला. "हरवू नको बरं का ताई," मनस्वीला म्हणाला. अंकिताने थँक्यू म्हटलं. नंतर चार दिवस तिला झोप आली नाही. तो त्या ठाण्याचा आहे की वाहतुकीचा, तिला माहीत नाही. त्या रविवारी तो कुठे होता, माहीत नाही. बूट घालताना त्याने बोटांनी लेकराचा तळवा हलकेच दाबून बघितला होता, बूट नीट बसला का म्हणून. कुणी विचारलं असतं तर हे सुटलं असतं. चार नावं समोर आली असती आणि बाकीच्या खाकी कपड्यांतली माणसं नुसती माणसं झाली असती. आता सगळेच ते, आणि कुणीच ते नाही. सिग्नल सुटला. त्याने रिक्षाला हाताने पुढे काढलं.

दीपेश आला तेव्हा ग्रहण होतं. त्रिपुरीच्या पौर्णिमेचं, चंद्र ग्रासलेलाच उगवणार होता. गावात सगळी दारं लावून बसलेली. रिक्षावाल्याने हाक मारली म्हणून दोघी धावल्या. तो खाली उतरला नाही. त्याने पाय जमिनीला लावले आणि परत वर घेतले, गरम फरशीवर लागल्यासारखे. दोघींनी उचलून ओटीवर आणला. त्याने पाणी मागितलं. हे सगळं आठवताना अंकिताला पाणी कुणी दिलं ते कधी आठवत नाही. ती चार महिन्यांच्या मनस्वीला घ्यायला आत गेली होती, ती किंचाळून रडत होती. बाहेर आली तेव्हा त्याचे ओठ ओले होते. मोजे काढताना मात्र तीच होती. तळवे काळेनिळे, सुजून सपाट झालेले, मधली कमान भरून गेलेली. ते पायच वाटत नव्हते. "पायच फक्त," तो म्हणाला, समजूत काढल्यासारखा, "आणि मागे थोडं." दुसऱ्या दिवशी डॉक्टरने इंजेक्शन दिलं, लघवी कमी होतेय का विचारलं, मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली. तो म्हणाला, उद्या जाऊ, आज उठवत नाही. झोपला तेव्हा तिने त्याच्या तळव्यांचे फोटो काढले, सहा, खिडकीतल्या उजेडात. का काढले तेव्हा कळलं नव्हतं, लाजही वाटली होती. गुरुवारी दहा तारखेला उजाडताना ओटीवरच त्याचा जीव गेला. हेतलने नंतर समजावलं होतं, कोठडीत गेला असता तर त्यांना चोवीस तासांत आयोगाला कळवावंच लागलं असतं, कागद आपोआप दिल्लीला पोचला असता. पण तो घरी येऊन गेला. दोन दिवस आईजवळ, बायकोजवळ, लेकराच्या आवाजात जगला म्हणून त्याचं मरण कुणाच्याच वहीत आलं नाही. त्या दोन दिवसांबद्दल अंकिता कुणाचे आभार मानत असे, ते आज तिला आठवेना.

टपाल नाक्याला ती उगाच उतरली. पुढे जायचं होतं, पण उतरली. ऊन होतं, फेब्रुवारीचं, अजून बोचत नव्हतं. पोस्टाच्या दारात एक माणूस पाकिटाला डिंक लावत होता, चार बोटांनी, पोळीला तूप लावावं तसा. तिने पर्स उघडली आणि आतली प्लॅस्टिकची पिशवी बाहेर काढली. त्या पिशवीत मनस्वीचं लसीचं कार्ड असतं. अर्जही तिने त्यातच ठेवला होता, श्रावणापासून, कारण ती एकच पिशवी घरात कधी हरवत नाही. आता अर्ज नव्हता, पोस्टाची पावती होती. तिने कार्ड उघडलं. बूस्टर, सोळा महिने, निळ्या शाईत नर्सच्या तिरप्या अक्षरात: १०/११/२३. तिला ते माहीतच होतं. जिन्यात उभी असल्यापासून माहीत होतं, फक्त बघायचं राहिलं होतं. धनत्रयोदशी होती. दवाखान्यात गर्दी नव्हती. नर्स म्हणाली, "डावी मांडी घट्ट धरा. आज ताप येईल, फराळाचं काही देऊ नका हिला, तुम्ही खा." आणि नर्सने पिशवीतून कार्ड काढताना अर्जही बाहेर आला, तिने तो घडी मोडून बघितला, "हे काय?" "ते वेगळं आहे," अंकिता म्हणाली, आणि परत आत घातला. रडणाऱ्या मनस्वीला खांद्यावर घेऊन ती याच रस्त्याने चालत गेली. पोस्ट उघडं होतं. दारात झेंडूची माळ होती. शेवटच्या दिवशी, शेवटच्या दुपारी, अर्ज तिच्या हातात होता आणि पोस्ट वीस पावलांवर होतं, आणि ती मनात म्हणत होती, अजून एकोणीस दिवस. आपण किती नीट पाळतोय सगळं, असं वाटून तिला त्या क्षणी थोडं बरंही वाटलं होतं. तिने कार्ड मिटून परत पिशवीत घातलं. डिंकवाला म्हणाला, "मॅडम, आत जायचंय का? लाइन नाहीये." ती नाही म्हणाली.

वडाळे तलावाच्या कडेने ती चालत राहिली. घरी जाऊन सांगायचं. वाक्य तयार होत होतं. आई, दिल्लीचं आलं. त्यांनी नाही घेतलं. उशीर झाला म्हणाले. मग ठमाबाई विचारणार, कसा उशीर. मग सांगायचं, वीस दिवसांनी. मग ती बोटांवर मोजणार, तिला मोजता येतं, मांडवाचे मुहूर्त ती तोंडपाठ सांगते. आणि मग तिला कळणार. अंकिताने ते वाक्य तीन प्रकारांनी केलं आणि तिन्ही वेळा तिला आत कुठेतरी ते म्हणावंसं वाटलं, जोरात, ओटीवर, चार बायकांसमोर. तुमच्या वर्षाने घालवलं सगळं. हे बाहेर पडलं असतं तर निदान एक तरी माणूस सापडला असता ज्याने काहीतरी केलं. ज्याचं नाव घेता आलं असतं. तलावातल्या कमळांची पानं वाऱ्याने उलटी होत होती, खालची तांबूस बाजू दाखवून परत सपाट पडत होती. एका बाकावर म्हातारे बसले होते, एक म्हणत होता, "आमच्या वेळी पाणी पार त्या भिंतीपर्यंत होतं," दुसरा म्हणाला, "तुझ्या वेळी सगळंच होतं." तिला हसू आलं आणि त्याबरोबर डोळेही भरले. एवढ्या मोठ्या देशात एकच वर्ष मोजायला आयोगाला सांगितलेलं, तेही त्यांनी प्रामाणिकपणे मोजलं. कुणीच खोटं वागलं नव्हतं. आयोग नाही, हेतल नाही, सासू नाही, कॅलेंडर नाही. फक्त ठाण्यातला तो माणूस खोटं बोलला होता, आणि त्यालाच कुणी काही विचारणार नव्हतं.

घरी पोचली तेव्हा चार वाजत आले होते. ओटीवर सुपारी आणि नारळ ठेवलेला ताटलीत, आणि ठमाबाई भिंतीला टेकून, मांडीवर मनस्वीला पालथी घालून, गुणगुणत होती. अंकिता अंगणातच थांबली. सव्वा वर्षात तो आवाज तिने ऐकला नव्हता. शब्द कळत नव्हते, नुसती चाल, हळदीच्या वेळची, घासत घासत वर जाणारी आणि मध्येच श्वासासाठी तुटणारी. मनस्वी तिच्या बोबड्या आवाजात शेवटचं अक्षर पकडत होती, आणि आजी थांबून वाट बघत होती, तिने पकडलं की पुढे जात होती. "आलीस?" ठमाबाईने विचारलं. "येवड्या लौकर? डोसका दुकतो काय?" "अर्धा दिवस टाकला." "ग्वाड केलंस. बस. पानी पी. करंजाड्याच्या बायका आलत्या, पोरीचं लगीन हाय म्हनत्या, तूच याला पायजे. मी हो म्हनलं." आणि मग लाजल्यासारखी, "म्हनू नाय काय?" "म्हणा की आई." अंकिता पायरीवर बसली. पाणी प्यायली. आता, असं तिने स्वतःला सांगितलं.

"दिल्लीचं काय आलं काय?" ठमाबाईने रोजच्यासारखं विचारलं. रोज याच वेळी, याच सुरात, भाजीला काय आणलं विचारावं तशी ती विचारायची. अंकिताने तोंड उघडलं. पण ठमाबाई थांबली नव्हती, गाणं सुटल्याबरोबर तिचं बोलणंही सुटलं होतं. "तुला एक सांगाचा हाय. आज सांगतंय. त्या दिशी ग्रान होतं. तो पानी पानी करत होता. सुटाया पाव तास रायलेला. मना म्हाईत होतं, ग्रानात पानी पाजू नये. माज्या आयशीनं, आजीनं कंदी पाजलं नाय. पन तो आसा बगत होता गो... मी पाजलं. ह्या हातानं. आन तिसऱ्या दिशी तो गेला." तिने हात पुढे केला, दाखवायला, जणू त्यावर काही लिहिलेलं असावं. "कोनाला बोल्ली नाय मी. देवाला बोल्ली. एक नेम मोडला, आता वरीस येकपन मोडनार नाय. गोड नाय, गादी नाय, गानं नाय, त्याचं नाव नाय. आन पाललं ना गो आपन? तू पन पाललंस. तुजा कागूद तयार होता तरी तू थांबलीस माज्यासाटी. येवडी येक गोस्ट तरी त्याच्यासाटी नीट झाली माज्या हातनं. म्हून आज गला मोकला झाला बग." अंकिता तिच्या हाताकडे बघत होती. म्हणजे पाणी हिने दिलं होतं. सव्वा वर्ष तिने आठवायचा प्रयत्न केला होता आणि ते इथे, या हातावर होतं. मारणाऱ्यांनी मारलं, आणि ही बाई त्या पेलाभर पाण्याचं पाप फेडत बसली होती. तिला सांगावंसं वाटलं, आई, पाण्याने कुणी मरत नाही. पण ते सांगितलं तर मग वर्ष कशासाठी पाळलं, आणि वर्ष कशासाठी पाळलं म्हटलं की मग पुढचं सगळं.

"काय गो, आलं काय दिल्लीचं?"

"नाही आई. अजून नाही आलं."

"लांब हाय दिल्ली," ठमाबाई समजुतीने म्हणाली. "कागूद वाचाया येल लागतो. पन इचारतील ना त्या लोकांना?"

"विचारतील."

"कंदी?"

"बघू. उद्या परत बघते मी."

ठमाबाईने मान हलवली. तिला पटलं होतं. उद्या याच वेळी ती परत विचारणार होती, परवाही, पावसाळ्यातही, आणि अंकिता पायरीवर बसून रोज तिचं ऐकून घेणार होती, पूर्ण, मधे न बोलता, आणि रोज काहीतरी सभ्य सांगणार होती. थकेल तेव्हा ही बाई विचारायची थांबेल, किंवा मरेल. तोवर तिची तक्रार अंकिताकडे राहणार. तिला शालीतली ती दिल्लीची बाई आठवली आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा दिसला, दमलेला, कागदांमागचा, कुणासाठीच काही करू न शकणारा. तो तिला ओळखीचा वाटला.

"घे हिला, माज्या मांड्या गेल्या," म्हणत ठमाबाईने मनस्वीला पुढे केलं. पोरगी हसत आईच्या मांडीवर आली, उताणी पडली आणि दोन्ही पाय वर केले, रोजच्या सवयीने, तळव्यांचा मुका घे म्हणून. डाव्या तळव्यावर काजळाची तीट होती. लग्नघरच्या बायका येऊन गेल्या म्हणून आज जरा मोठी, अंगठ्याएवढी, अजून ओली. आजी दृष्ट लागू नये म्हणून रोज लावते आणि अंकिता रोज गुपचूप पुसते, का ते दोघींपैकी कुणी कधी बोललेलं नाही. मागे ठमाबाईने परत चाल धरली, आता जरा मोठ्याने, करंजाड्याच्या मांडवासाठी. अंकिताने ओढणीचं टोक जिभेने ओलं केलं आणि तळव्यावरून फिरवायला लागली. काजळ पसरलं, फिकं झालं, निळसर झालं, कमानीच्या सुरकुत्यांत जाऊन बसलं. मनस्वीला गुदगुल्या होत होत्या. ती पाय ओढून घेत होती, खिदळत होती, परत पुढे करत होती. अंकिताने तो पाय मुठीत धरला आणि पुसत राहिली.